खोदयंत्रांची जोडअवजारे आणि त्यांची नावे : एक ऐतिहासिक विचार

माती हलविणाऱ्या यंत्रांचा इतिहास बहुधा शक्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम माणसाचे व जनावराचे बळ, पुढे वाफ, त्यानंतर खनिज तेल आणि अखेरीस दाबलेल्या तेलाने हलणारी लोखंडी भुजा, असा त्याचा क्रम असतो. हा क्रम चुकीचा नाही. तथापि तो अपुरा आहे. जमिनीला प्रत्यक्ष भिडते ते इंजिन नव्हे. भिडते ते भुजेच्या टोकाला लावलेले अवजार. ते काम पाहून बदलता येते, झिजते व नवे बसविता येते. अशा अवजारास प्रस्तुत लेखात ‘जोडअवजार’ असे म्हटले आहे. त्याची निवड, वापर आणि निगा यांचा त्याच्या नावाशी काही संबंध पोचतो काय, असा प्रश्न येथे विचारावयाचा आहे. माझ्या मते तो निकटचा आहे. ज्या भागाला भाषेत नाव आहे त्याविषयी प्रश्न विचारता येतो आणि जाबही मागता येतो; ज्याला नाव नाही तो भाग हिशेबातून निसटतो.

१

यंत्रपूर्व काळातील मराठी शब्दसंग्रह या बाबतीत समृद्ध होता. मऊ मातीस फावडे व खोरे, घट्ट जमिनीस कुदळ, मुरमास टिकाव, दगड उचकटण्यास पहार, खडक फोडण्यास छिन्नी-हातोडा व सुरुंग, असा थराप्रमाणे अवजाराचा क्रम ठरलेला होता. किंबहुना थराची व्याख्याच अवजाराने होत असे. सरकारी बांधकामांच्या दरपत्रकांतील माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक व कठीण खडक ही वर्गवारी मुळात याच तत्त्वावर उभी आहे. कोणता थर कोणत्या हत्याराला वश होतो आणि कोणत्या थरास सुरुंगच लावावा लागतो, यावर खोदाईचा दर ठरतो. ‘मुरूम’ हा शब्द भारतातील इंग्रजी स्थापत्यलेखनानेही जसाच्या तसा स्वीकारला. कारण त्या थरास इंग्रजीत नेमका प्रतिशब्द नव्हता.

हे शब्द सर्व देशी होते असे मात्र नाही. कुदळ हा शब्द संस्कृत ‘कुद्दाल’पासून व फाळ हा ‘फाल’पासून आला हे उघड आहे. परंतु माती वाहण्याचे घमेले पोर्तुगीज ‘गामेला’चे रूप आहे, पाणी शेंदण्याची बादली पोर्तुगीज ‘बाल्दे’ची आहे, आणि कौटिलीय अर्थशास्त्रात आढळणारा ‘सुरुङ्गा’ हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’पासून आला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. तेव्हा उसनवारी ही आपल्या खोदकामास नवी नाही. वस्तू आली, तिच्याबरोबर नाव आले, आणि त्या नावास मराठी लिंग, वचन व विभक्ती लागून ते घरचे झाले. घमेले, घमेली, घमेल्यात ही रूपे उच्चारताना कोणालाही परकेपणा जाणवत नाही. याच शब्दांच्या व हत्यारांच्या बळावर १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील रेल्वेमार्ग पंचवीस बोगद्यांसह तयार झाला. तेथे पहारीने भोके पाडून त्यांत दारू ठासीत आणि फुटलेला दगड हातांनी वाहून नेत.

२

यंत्रयुगात इंग्रजीने काय केले ते पाहणे उद्बोधक आहे. विल्यम ओटिस या अमेरिकन तरुणाने १८३९ मध्ये वाफेवर चालणाऱ्या खोदयंत्राचे पेटंट मिळविले. त्या यंत्रास नाव मिळाले ते ‘स्टीम शॉव्हल’, म्हणजे वाफेचे फावडे. अमेरिकनांनी १९०४ ते १९१४ या काळात पनामा कालवा खोदला तो मुख्यतः अशाच यंत्रांनी. पुढे भुजा उलट्या दिशेने वळवून माती यंत्राकडे ओढणारे अवजार निघाले. त्यास ‘बॅकहो’ म्हटले गेले, आणि त्यातील ‘हो’ म्हणजे खुरपण्याचे, ओढण्याचे हातअवजार. मजुराच्या हातातील अवजाराचे नाव यंत्राच्या हातातील अवजारास मिळाले आणि अर्थविस्तार सहजपणे झाला.

‘बुलडोझर’चा प्रवास याहून वेगळा. हा शब्द १८७६ च्या अमेरिकन निवडणुकीच्या सुमारास कृष्णवर्णीय मतदारांना मारहाण करून धाक घालण्याच्या अर्थाने रूढ झाला. पुढे ढकलणाऱ्या, दामटणाऱ्या वस्तूंस तो लागला. कॅन्सस राज्यातील कमिंग्ज व मॅक्लिओड या दोघांनी १९२३ मध्ये ट्रॅक्टरपुढे बसविण्याचे पाते तयार केले व १९२५ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. आरंभी ‘बुलडोझर’ हे नाव त्या पात्याचे होते, ट्रॅक्टरचे नव्हे. कालांतराने जोडअवजाराच्या नावाने सबंध यंत्र ओळखले जाऊ लागले. अर्थशास्त्रदृष्ट्या नव्हे, पण अर्थविज्ञानाच्या दृष्टीने हे अंशावरून अंशीस नाव मिळाल्याचे नमुनेदार उदाहरण होय.

३

मराठीत नेमके उलट घडले. येथे नाव मिळाले ते अवजारावरून नव्हे, निर्मात्यावरून. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी १९४५ मध्ये इंग्लंडात सुरू केलेल्या व्यवसायाने १९५३ मध्ये पुढे भरण्याचे व मागे खोदण्याचे अवजार असलेले यंत्र आणले. त्यांच्या नावाची आद्याक्षरे ‘जेसीबी’ ही भारतात १९७९ नंतर संयुक्त कारखान्याच्या द्वारे पोचली आणि आज कोणत्याही कंपनीच्या तशा यंत्रास आपण जेसीबीच म्हणतो. ‘पोकलेन’ हे नाव ‘पोक्लँ’ या फ्रेंच कंपनीचे. या कंपनीने १९५१ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारे आपले पहिले खोदयंत्र बनविले. बोलण्यात याचेच ‘पोकलँड’ असेही रूप ऐकू येते. यंत्राचा संबंध जमिनीशी, म्हणून इंग्रजी ‘लँड’शी त्याचे नाते जुळविले गेले असावे. लोकव्युत्पत्तीचा हा अलीकडचा व बोलका नमुना आहे.

या नावांत दोष नाही. परंतु त्यांनी यंत्र दिले, टोक दिले नाही. ‘जेसीबी सांगितला’ या वाक्यात कोणती बकेट, किती रुंद, दात असलेली की सपाट धारेची, यांतील काहीच येत नाही. पूर्वी ‘टिकाव घेऊन या’ म्हणताना थर व अवजार ही दोन्ही एका शब्दात सांगितली जात. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आपले फावडे व खोरे ही ओढण्याची अवजारे आहेत. ‘खोऱ्याने ओढणे’ हा वाक्प्रचार त्याची साक्ष देतो. इंग्रजी ‘शॉव्हल’ खुपसून उचलण्याचे. म्हणून वाफेच्या यंत्रापेक्षा ‘बॅकहो’ हाच आपल्या खोऱ्याचा खरा वारस ठरतो. शब्द हाताशी होता; त्याचा अर्थविस्तार तेवढा झाला नाही.

४

आता निवडीचा विचार. रुंद व सपाट धारेची बकेट गाळ, भुसभुशीत माती व सपाटीकरण यांसाठी योग्य. तिने तळ स्वच्छ राहतो. कठीण मुरमात अरुंद व दातांची बकेट हवी, कारण भुजेचे बळ मोजक्या टोकांवर एकवटते. ओल्या काळ्या मातीत खोल व अरुंद बकेट चिकटून भरलेलीच राहते. हलक्या मालाची मोठी बकेट दगडाच्या कामास लावली तर भार यंत्राच्या क्षमतेबाहेर जाऊन ते उलटण्याचा धोका असतो. भेगाळलेला वा कुजलेला काळा दगड रिपरच्या एका मजबूत दाताने उकलतो. अखंड दगडास ब्रेकर वा सुरुंग लागतो. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकरचे पेटंट क्रुप कंपनीने १९६३ मध्ये घेतले व १९६७ मध्ये तो बाजारात आला. त्याला लागणारा तेलाचा प्रवाह व दाब यंत्र पुरवू शकते किंवा नाही हे आधी पाहावे लागते.

या निवडीचे परिणाम केवळ कंत्राटदारापुरते नसतात. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाली. अशा कामात दातांच्या बकेटीने गाळाखालचा मुरूमही खरवडला गेला, तर शेतात सुपीक गाळाऐवजी मुरूम पडतो. सपाटीकरणातही वरची माती आधी बाजूस न काढल्यास ती खाली गाडली जाते व पिकाला नापीक थर मिळतो.

५

निगेच्या बाबतीत बदल अधिक खोल आहे. फाळ, छिन्नी व टिकाव यांची धार गेली की ती लोहाराकडे पाजवून घेत. ‘पाजवणे’ या एका क्रियापदात तापविणे, ठोकणे व पाणी देणे हे सारे सामावले होते. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये मँगनीज पोलाद शोधले. आघाताने अधिकच टणक होणारे हे पोलाद खोदयंत्रांच्या दातांस वापरले जाऊ लागले. आजचे ओतीव दात पाजवावयाचे नसतात, बदलावयाचे असतात. क्रिया बदलली, परंतु ती केव्हा करावी याचा जो अंदाज ‘बोथट’ या शब्दात होता तो नव्या क्रियेबरोबर आला नाही. दात पूर्ण झिजेपर्यंत चालविला तर ज्यावर तो बसतो तो आधार झिजू लागतो, आणि तो बदलणे फार महाग पडते. बुलडोझरच्या पात्याची धारपट्टी दोन्ही कडांनी वापरता येते. मात्र झीज मूळ पात्यापर्यंत पोचण्यापूर्वीच ती उलटवावी लागते.

ब्रेकरची छिन्नी दगडाशी काटकोनात ठेवावी, तिचा पहारीसारखा उपयोग करू नये, आणि दगड फुटत नसेल तर एकाच जागी अर्ध्या मिनिटाहून अधिक आघात न करता जागा बदलावी. तिला साधारणतः दर दोन तासांनी ग्रीस द्यावे. ते देताना छिन्नी उभी जमिनीवर दाबलेली असावी. रिपरचा दात जमिनीत असताना यंत्र वळवू नये. पटकन बदलता येणाऱ्या पकडीत बकेट बसविल्यावर खीळ पूर्ण बसली आहे याची खात्री करून घ्यावी आणि बकेट जमिनीवर दाबून पाहिल्याखेरीज काम सुरू करू नये. सुटलेली बकेट खाली उभ्या माणसाच्या जिवावर बेतते.

येथे मजुरीच्या मापाचाही विचार कर्तव्य आहे. हातखोदाईची मोजणी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर होत असे. बोथट कुदळीचा तोटा खणणाऱ्यालाच सोसावा लागे, म्हणून तो धारेस जपे. यंत्र बहुधा तासावर भाड्याने मिळते. चुकीच्या बकेटीमुळे वाढलेले तास यंत्र सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी पडतात, आणि त्याच्यापाशी ती चूक दाखविण्यास शब्द नसतात. ‘जेसीबी हळू चालला’ एवढेच त्याला म्हणता येते. ‘दात झिजले होते’ किंवा ‘बकेट मुरमाची नव्हती’ असे म्हणता आले तर हिशेबाची भाषाच बदलेल.

तेव्हा प्रश्न शुद्ध मराठी प्रतिशब्दांचा नाही. बकेट, ब्रेकर, रिपर हे शब्द घमेल्याप्रमाणे घरचे होतील, झालेही आहेत. आवश्यकता आहे ती त्यांच्या पोटभेदांची, झिजेच्या अवस्थांची व निगेच्या क्रियांची नावे चालक, गवंडी, लोहार व माती-दगडाचे काम पिढ्यान्‌पिढ्या करणारा वडार समाज यांच्या तोंडून टिपून घेण्याची. ‘दात’ हा शब्द त्यांनी कोणत्याही कोशाची वाट न पाहता यंत्रास लावलाच आहे. बोलीच्या अभ्यासासाठी क्षेत्रात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी नातेवाचक शब्द व म्हणी यांच्या बरोबरीने यंत्राच्या टोकाचे हे शब्दही आपल्या प्रश्नावलीत घ्यावेत, असे सुचवावेसे वाटते.