संकल्पचित्राचा तास

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ही शासकीय रेखाकला परीक्षांची नावे मराठी शाळांना नवी नाहीत. पुसद, वणी, पांढरकवडा येथील मुलेही त्या देतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे त्यांतील विषय. नीट पाहिले तर वास्तुकला आणि डिझाइन या दोन्ही व्यवसायांची ही बाराखडीच होय. मग ती गिरवणाऱ्या मुलांना पुढचा धडा कोणी का सांगत नाही?

उत्तराचा एक धागा इतिहासात सापडतो. जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, ती प्रामुख्याने कारागिरांचा हात आणि नजर घडवण्यासाठी. तेथे १८९६ साली वर्ग निघाला तो आरेखकांचा, म्हणजे दुसऱ्याने योजलेल्या इमारतीचे नकाशे काढणाऱ्यांचा. वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग व्हायला १९१३ साल उजाडले. योजणारा वेगळा आणि रेखणारा वेगळा, ही वाटणी तेव्हापासूनची. १९७२ च्या कायद्याने 'वास्तुविशारद' या पदवीला संरक्षण दिले. आरेखकाचा अभ्यासक्रम मात्र आयटीआयमध्ये राहिला, आणि जिल्ह्यातील मुलांना सहसा तोच ठाऊक असतो.

याहून मोठी अडचण एका शब्दाची आहे. चित्रकला चांगली, म्हणून मुलाला दहावीनंतर 'कला' शाखेत घातले जाते. तेथे गणित सुटते. आणि गणिताशिवाय वास्तुकलेची पदवी नाही, मग २००६ पासून सुरू असलेली 'नाटा' ही अभिक्षमता चाचणी दूरच राहिली. दार आहे हे कळण्याआधीच ते बंद झालेले असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची दारे १९६१ पासून उघडी आहेत, आणि तेथे कला शाखेचा विद्यार्थीही चालतो. पण हे सांगणार कोण?

कोलामांच्या पोडावर वाढलेल्या मुलाने कुडाची भिंत उभी राहताना पाहिलेली असते. ऊन कोठून येते, पाणी कोठे वाहते, चार घरांमध्ये अंगण किती सोडावे, हे त्याला पुस्तकाआधीच ठाऊक असते. त्याच्याजवळ जाण आहे. नाही ती माहिती. ही उणीव भरायला नवी योजना लागत नाही. नववीच्या वर्गात संकल्पचित्राचा एक तास, आणि त्यात एवढेच वाक्य, की बाळा, हे काम जगात व्यवसाय म्हणून करतात आणि त्यासाठी गणित सोडू नकोस. हे वाक्य वेळेवर उच्चारणे हे आम्हां शिक्षकांचेच काम आहे, असे आम्हांस वाटते.