तुबाची पोरं शाळेत निघतात

डिसेंबर २००५. अजून उजाडायचं आहे. तुम्ही अत-तुवानी गावात जागे होता. हे गाव पॅलेस्टाईनच्या पश्चिम किनाऱ्याच्या (वेस्ट बँक) दक्षिण टोकाला, हेब्रॉनच्या खालच्या उघड्याबोडक्या डोंगरांत आहे. वीज नाही. जनरेटर संध्याकाळी काही तास चालतो, मग गाव अंधारात. टाक्यातलं पाणी इतकं गार की चूळ भरताना दात ठणकतात. लाल टोपी, वही, पेन, कॅमेरा घ्या आणि निघा. पोरांच्या शाळेची वेळ होत आली.

कालचा प्रवास अजून अंगात आहे. जेरुसलेमहून हेब्रॉन तीसेक किलोमीटर, पण मध्ये तपासनाका. तुमचा परदेशी पासपोर्ट सैनिकाने ओझरता पाहिला; तुमच्या मागच्या म्हाताऱ्याला मात्र बाजूला उभं केलं. पुढे ‘सर्व्हिस’, म्हणजे आपल्याकडच्या वडापसारखी गाडी. भाड्याचे पैसे मागच्या सीटवरून हातोहात पुढे जातात आणि सुटे तसेच परत येतात, एक नाणं इकडचं तिकडे होत नाही.

हेब्रॉनच्या जुन्या बाजारात वर पाहिलंत तेव्हा डोक्यावर तारेची जाळी होती. वरच्या घरांतले इस्रायली वसाहतवाले खाली टाकतात तो कचरा आणि दगड त्या जाळीत अडकून पडले होते. याच शहरातल्या इब्राहिमी मशिदीत फेब्रुवारी १९९४ मध्ये एका वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं. पुढच्याच वर्षी ‘ख्रिश्चन पीसमेकर टीम्स’चे स्वयंसेवक या शहरात बिऱ्हाड करून राहिले. या संघटनेमागे मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रेदरेन, शस्त्र न उचलणारे पंथ. कुणाचा धर्म बदलायला ते आले नाहीत. शेजारी म्हणून राहायचं, दिसेल ते लिहून ठेवायचं आणि हात उगारला गेला तर मध्ये उभं राहायचं, एवढंच त्यांचं काम. २००४ पासून ते इथे अत-तुवानीतही आहेत, इटलीच्या ‘ऑपरेशन डव्ह’ या गटाबरोबर. तुम्ही त्यांच्यातलेच एक.

टेकडीवर पोहोचलात. समोरच्या बाजूला तुबा, मेंढपाळांची वस्ती. तिथली पोरं इथल्या शाळेत येतात. जवळची वाट वीसेक मिनिटांची, पण ती माओन ही इस्रायली वसाहत आणि हवात माओन हे वसाहतवाल्यांचं ठाणं यांच्या मधून जाते. वळसा घातला तर तासाच्या वर चाल. २००४ च्या शरद ऋतूत पोरांबरोबर चालणाऱ्या स्वयंसेवकांना तोंडं झाकलेल्या माणसांनी साखळ्या आणि दांडक्यांनी मारलं. एकाच्या फुप्फुसाला भोक पडलं, एकीचा हात मोडला. त्याचा गवगवा झाला, म्हणून आता लष्कराची जीप पोरांसोबत येते आणि तुम्ही लांबून पहारा करता.

वहीत वेळ लिहा. जीप आलेली नाही. पलीकडे पोरं दप्तरं पाठीला लावून उभी आहेत. लष्कराला फोन करा. पुन्हा करा. शेवटी धूळ दिसते. जीप आपल्या वेगाने निघते आणि पोरं तिच्यामागे धावत सुटतात. सर्वांत मागे एक चिमुरडी. थोरली बहीण थांबते, तिचा हात धरते, दोघी पळतात. कॅमेरा तुमच्या हातात आहे आणि घसा दाटून आला आहे. पोरं मोजा. सगळी आली. वेळ लिहा.

गावात परतताच एक आजी दारातून हाक मारते, “अहलन, या, बसा!” ताबून भट्टीमधून, शेणाच्या धगीने तापलेल्या खड्यांवरून, रोटी निघते. वास ओळखीचा वाटतो. गोवऱ्यांच्या चुलीपाशी जेवलेल्याला तो वाटणारच. ऑलिव्हचं तेल, झातरचा मसाला, सेजची पानं घातलेला गोड चहा. मग आजी विचारते, “इराकमधल्या तुमच्या भावांचं काही कळलं?” २६ नोव्हेंबरला बगदादमध्ये याच संघटनेबरोबर गेलेल्या चौघांचं अपहरण झालं आहे, आणि त्यांना सोडा म्हणत हेब्रॉनचे पॅलेस्टिनी रस्त्यावर उतरले आहेत. तुम्ही त्यांची राखण करायला आलात. आज ते तुमच्या माणसांसाठी दुवा मागताहेत. मार्चमध्ये त्या चौघांतल्या टॉम फॉक्स यांचा मृतदेह सापडेल, उरलेले तिघे सुटतील. आजीला हे अजून ठाऊक नाही. ती तुमच्या पुढ्यात आणखी एक रोटी ठेवते.

आता परत या. त्या सकाळी याच गावात बासेल आद्रा नावाचा एक शाळकरी मुलगा होता. मोठा होऊन त्याने आपल्या मुलखातली पाडली जाणारी घरं चित्रित केली, आणि त्यातून साथीदारांसह केलेल्या ‘नो अदर लँड’ या माहितीपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. पाहिलेलं नोंदवून ठेवायचं काम आता गावच्याच मुलांनी हाती घेतलं आहे. तो माहितीपट पाहा, घरातल्या मुलांनाही दाखवा. शाळेत जाणाऱ्या लेकराला साक्षीदार लागणं हाच अन्याय आहे. आणि तो संपत नाही तोवर साक्षीदारांची संख्या कमी होता कामा नये.