बळीराजाच्या धरणाची वाळू

आमच्या लहानपणी येरळेच्या पात्रात झिरा खणणं हे पोराटोरांचं काम होतं. उन्हाळ्यात नदी कोरडी दिसायची, पण हातभर वाळू उकरली की पाणी पाझरू लागे. वाटीवाटीनं कळशी भरायची. पुढे वाळू ट्रकांतून जाऊ लागली आणि झिरा कमरेइतका, मग पुरुषभर खोल गेला. मोठी माणसं म्हणत, पाऊस रुसला. आम्हीही तेच म्हणत होतो.

हे उत्तर अपुरं आहे, असं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या लोकांनी १९८० च्या दशकात ठरवलं. त्या घटनेची नोंद ‘आंदोलन’ या सदरात होते. माझ्या मते ती संशोधनाच्या इतिहासातही व्हायला हवी.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. तालुक्यातले अनेक कामगार गावी परतले ते थेट दुष्काळात. माझे वडील त्यांतलेच. मागावरचा हात रोजगार हमीच्या खडीवर आला. याच माणसांतून आणि शेतकऱ्यांतून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर आणि गेल ऑम्वेट तिच्यात होते. तिचा प्रश्न साधा होता : वर्षानुवर्षं खडी फोडूनही दुष्काळ हटत नसेल, तर त्याच मजुरीत पाणी अडवणारी कामं का नकोत?

त्यासाठी आधी दुष्काळ समजून घेणं भाग होतं. लोकविज्ञान चळवळीतले कार्यकर्ते, अभियंते आणि कॉलेजची मुलं गावोगाव गेली. पिकं कोणती होती, विहिरींना पाणी किती असे, नदी कधीपर्यंत वाहायची, हे शेतकऱ्यांना विचारलं. अशा पाहण्या पुष्कळ होतात; माहिती देणारा शेतात राहतो आणि निष्कर्ष शहरात निघतो. इथे निष्कर्षाची चर्चा गावातच झाली. पाऊस कमी हे खरंच, पण पीकपद्धती, पाण्याचा उपसा आणि नदीची लूट ही दुष्काळाची माणसाने घडवलेली बाजूही पुढे आली.

वाळूचं गणित आम्हा झिरे खणणाऱ्यांना हातानं ठाऊक होतं, शब्दांत नव्हतं. वाळूच्या कणांमधली पोकळी तिच्या घनफळाच्या साधारण एक तृतीयांश असते. पुरानंतर ती पाण्यानं भरते. वरचा थर वाळला की खालच्या पाण्याला ऊन लागत नाही. ते सावकाश काठच्या विहिरींना मिळत राहतं. म्हणजे तीन ट्रक वाळू गेली की जवळजवळ एक ट्रक पाण्याची साठवण गेली.

आणि तरीही बलवडी व तांदुळवाडीच्या लोकांनी धरणासाठी पैसा उभा करायचा ठरवला तो वाळू विकूनच! ही विसंगती मला कित्येक वर्षं सलत होती. वडिलांना एकदा विचारलंही, “आप्पा, वाळू गेली म्हणून ओरडायचं आणि आपणच विकायची?” ते म्हणाले, “ठेकेदार नदी रिकामी करायचा. आम्ही मोजून काढणार होतो.” तेव्हा ही पळवाट वाटली. आता वाटत नाही. मर्यादित वाळू, गावाच्या देखरेखीखाली, आणि तिच्या पैशातून त्याच पात्रात पाणी अडवणारा बांध, असा तो हिशेब होता. वाळूवर हक्क कोणाचा, ह्यावरून सरकारशी बराच झगडा झाला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. या दोन्ही काठांवरच्या गावांनी बांधलेल्या धरणाला नाव दिलं ‘बळीराजा स्मृती धरण’. पाडव्याला शेणाचा बळी मांडून ओवाळणाऱ्या आमच्या बायांना ते नाव समजावून सांगावं लागलं नाही.

बांधापेक्षा अवघड होतं ते पाणीवाटप. पाणी जमिनीच्या मापानं नव्हे, तर कुटुंबागणिक समान द्यायचं, भूमिहीनांनाही हिस्सा. ज्याला जमीनच नाही त्याला पाणी कशाला, असं विचारणारे तेव्हा होते, आजही भेटतात. पण पाण्याचा हिस्सा हातात असलेला भूमिहीन दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायला बसतो, तेव्हा बोलणी वेगळी होतात. ऊस मोजक्यांनी पिकवायचा की ज्वारी-चारा सगळ्यांनी, हा प्रश्नही ह्याच वाटपातून येतो.

आज ‘हवामान-जोखीम’ आणि ‘अनुकूलन’ यांवरच्या प्रकल्प-अर्जांत ‘लोकसहभाग’ हा रकाना असतो. मी तेव्हाच्या पाहणीचे भरलेले कागद शोधतो आहे. एका घरी माळ्यावर ट्रंक निघाली. वर संपाच्या पावत्या, खाली वाळवीची माती. घरच्या म्हातारीनं विचारलं, “काय हवंय, बाळा?” विहिरीच्या नोंदी, असं म्हणालो. तिनं मला परसात नेलं आणि विहिरीच्या चिऱ्यांवर कोरलेल्या रेघा दाखवल्या. दर उन्हाळ्याची एक, शेवटची सर्वांत खाली. मी वही काढली आणि टेप सोडला.