जमिनीखालचं मीठ, जमिनीवरचा हिशेब: तुर्दा ते आल्बा युलिया

रोमानियाला जाऊन आलो असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ड्रॅक्युलाचा किल्ला बघितलास का? तर आजच्या एपिसोडमध्ये ड्रॅक्युला नाही. आज मीठ आहे. मीठ, एक जाहीरनामा, एक फाशीपेक्षा वाईट शिक्षा आणि एक राष्ट्रीय दिन. आणि हे सगळं एका दिवसात, साधारण शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात.

आम्ही चौघांनी मिळून क्लुज-नापोका शहरातून एक गाडी आणि एक स्थानिक गाईड ठरवला होता. सकाळी तुर्दाची मिठाची खाण, दुपारी आल्बा युलियाचा किल्ला, रात्री परत. कागदावर ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. पण दोन्ही एकामागोमाग बघितली की एक प्रश्न डोक्यात बसतो: एखाद्या प्रदेशात राबणारी माणसं आणि त्या प्रदेशाच्या कागदपत्रांत असणारी माणसं, ही वेगळी का असतात?

चला, आधी खाली उतरू.

समुद्र गेला, मीठ राहिलं

आपल्याला मीठ म्हटलं की मिठागर आठवतं. खाडीचं पाणी, वाफे, ऊन आणि मिठाचे पांढरे ढीग. ट्रान्सिल्व्हेनियाला समुद्र नाही, चारी बाजूंनी डोंगर आणि टेकड्या. पण सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो आटला, मिठाचे जाड थर उरले, वर माती साचत गेली. काही ठिकाणी दाबामुळे ते मीठ वर सरकलं आणि जमिनीच्या अगदी जवळ आलं. म्हणजे आपण ज्याला सैंधव म्हणतो तसं दगडी मीठ, पण एका गावाच्या पोटात, शेकडो मीटर जाड.

रोमन लोक इथे आले इसवी सन १०६ मध्ये. सम्राट ट्राजनने दोन युद्धं करून डेशियाचं राज्य जिंकलं. तुर्दाचं तेव्हाचं नाव पोटाइसा. साधारण १६८ पासून इथे पाचवी मॅसेडोनिका नावाची अख्खी लीजन, म्हणजे हजारो सैनिक, तळ ठोकून होती. त्या छावणीचे अवशेष तुर्दाच्या टेकडीवर आजही आहेत. इसवी सन २७० च्या दशकात रोमन निघून गेले. मागे राहिली त्यांची भाषा, जिच्यातून आजची रोमानियन आली. मिठाला रोमानियनमध्ये ‘सारे’ म्हणतात, लॅटिनमधल्या ‘साल’पासून. आपण महिन्याच्या शेवटी ज्या सॅलरीची वाट बघतो, तो शब्दही याच घरातला.

यानंतरची गोष्ट मला फार आवडते. मध्ययुगात तुर्दाच्या मिठाचा पहिला लेखी उल्लेख १०७५ चा आहे. कशाबद्दल? जकातीबद्दल. हंगेरीच्या राजाला तुर्दाच्या मिठावर मिळणाऱ्या जकातीबद्दल. मीठ कोणी काढलं, कसं काढलं, त्यावर एक ओळ नाही. मीठ कागदावर आलं ते कर म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घंटेच्या आकाराची पोकळी

आता प्रत्यक्ष खाण. आत तापमान वर्षभर १० ते १२ अंश. बाहेर कितीही ऊन असो, जॅकेट घ्याच.

जुन्या बाजूने गेलात तर आधी फ्रान्झ जोसेफ नावाचा बोगदा लागतो. १८५३ मध्ये त्याचं काम सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने तो ९१७ मीटरपर्यंत गेला. कारण साधं होतं: खोलातून वर काढलेलं मीठ टेकडीवरून गावात उतरवायला वेळ आणि पैसा लागायचा. आडवा बोगदा काढला की माल सरळ बाहेर. म्हणजे लॉजिस्टिक्सचा प्रश्न.

आत वेगवेगळ्या खाणी आहेत आणि त्यांचे आकार वेगवेगळे आहेत. तेरेझिया आणि जोसेफ या घंटेसारख्या: वर तोंड लहान आणि खाली रुंद होत जाणारी पोकळी. खोली ११२ मीटर. तेरेझियाचा तळ ८७ मीटर रुंद आहे. हा आकार शोभेसाठी नव्हता. वरची माती भुसभुशीत, पाणी झिरपणारी. मिठाचा आणि पाण्याचा संबंध आला की खाण गेलीच. म्हणून मातीतून शक्य तितकी अरुंद विहीर खाली न्यायची, मीठ लागलं की मग सगळ्या बाजूंनी रुंदावत खाली जायचं. नंतरच्या काळातली रुडॉल्फ खाण मात्र मोठ्या हॉलसारखी आहे: ८० मीटर लांब, ५० मीटर रुंद, ४२ मीटर खोल. तिच्या भिंतीवर वर्षांचे आकडे कोरलेले आहेत. त्या त्या वर्षी खोदकाम कुठवर पोचलं त्याची ती खूण. जिना उतरताना तुम्ही वर्षं मोजत खाली जाता.

आणि एका अष्टकोनी दालनात उभं आहे ते लाकडी यंत्र. मिठाचे ठोकळे वर ओढणारा रहाट म्हणा. १८८१ चा आहे आणि अजून त्याच जागी आहे. घोडे त्याला जुंपलेले असायचे आणि गोल गोल फिरायचे. आपल्याकडचा तेलाचा घाणा बघितला असेल तर समजावून सांगायची गरज नाही. बैलाच्या जागी घोडा, तेलाच्या जागी मीठ.

तिथे उभं राहून खाणींची नावं परत म्हणून बघा: रुडॉल्फ, तेरेझिया, जोसेफ, फ्रान्झ जोसेफ. व्हिएन्नाच्या हॅब्सबर्ग दरबाराची हजेरी घेतल्यासारखं वाटतं. खोदणाऱ्यांच्या वाट्याला भिंतीवरचे आकडे.

१८४० नंतर जवळच्या ओक्ना मुरेश इथल्या खाणीने तुर्दाचा धंदा खाल्ला. १९३२ मध्ये खाण बंद झाली. दुसऱ्या महायुद्धात गावातले लोक बॉम्बपासून वाचायला इथे लपले. १९५० नंतर चाळीसेक वर्षं, ऐका, इथे चीज साठवलं जायचं! थंड, स्थिर हवा, फुकटचा फ्रीज. १९९२ मध्ये पर्यटकांसाठी खुली झाली आणि २००८ ते २०१० दरम्यान युरोपियन युनियनच्या पैशातून तिचा कायापालट झाला. आता रुडॉल्फच्या तळाशी आकाशपाळणा आहे, टेबल टेनिस आहे, मिनी गोल्फ आहे. तेरेझियाच्या तळ्यात लोक होड्या वल्हवतात.

माझ्यासोबतच्या एकाला हे आवडलं नाही, म्हणाला जत्रा करून टाकली. मला तसं वाटत नाही. खाण रिकामी ठेवली असती तर पाण्याने आणि दुर्लक्षाने कधीच खचली असती. पाळण्यात बसलेली पोरं त्या भिंती बघतात तरी. फक्त भिंतीवरचे ते आकडे काय आहेत, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

१५६८ चा जाहीरनामा

खाणीतून वर आलो की तुर्दा हे एक शांत, छोटं शहर आहे. पण युरोपच्या इतिहासात त्याचं नाव मिठाशिवाय आणखी एका गोष्टीसाठी घेतलं जातं.

जानेवारी १५६८. ट्रान्सिल्व्हेनियाचा राजा यानोश झिग्मोंड, वय २७. तुर्दात सभा भरली आणि एक ठराव झाला. सारांश असा: प्रत्येक धर्मोपदेशकाने आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करावा. गावाला पटलं तर ठीक, नाही पटलं तर कोणी सक्ती करू नये. शिकवणुकीबद्दल कोणाला तुरुंगाची धमकी देऊ नये. कारण श्रद्धा ही देवाची देणगी आहे.

हे किती पुढचं होतं ते बघा. चारच वर्षांनी, १५७२ मध्ये, पॅरिसमध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या रात्री प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. फ्रान्समध्ये नांतचा हुकूम निघायला १५९८ उजाडलं. आणि इथे कॅथलिक, लुथरन, कॅल्व्हिनपंथी आणि युनिटेरियन अशा चार पंथांना मान्यता मिळाली. या ठरावामागे फेरेंत्स डाविद नावाचा उपदेशक होता. त्याच्या प्रभावाखाली राजा स्वतः युनिटेरियन झाला. पण राजा १५७१ मध्ये वारला, वारं फिरलं, आणि हाच डाविद १५७९ मध्ये देवाच्या किल्ल्यात कैदी म्हणून मेला. घाबरू नका, ‘देवा’ हे गावाचं नाव आहे.

आता त्या यादीकडे परत बघा. चार पंथ. ऑर्थोडॉक्स कुठे आहेत? ट्रान्सिल्व्हेनियातले रोमानियन लोक ऑर्थोडॉक्स होते आणि ते थोडेथोडके नव्हते. यादीत ते नाहीत. त्यांचा धर्म बेकायदा नव्हता, तो फक्त ‘चालवून घेतलेला’ होता.

आणि हे पहिल्यांदा होत नव्हतं. १४३७ मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं, तेव्हा सरदार, सॅक्सन आणि सेकेली या तीन गटांनी एकमेकांना मदत करण्याचा करार केला. पुढे तीच व्यवस्था ‘तीन राष्ट्रं’ म्हणून पक्की झाली. तीन राष्ट्रं, चार पंथ. रोमानियन शेतकरी दोन्हींत नाही. शेतात आहे, दरबारात नाही.

म्हणून १५६८ चा ठराव खोटा होता का? नाही. त्या काळात सक्ती नको म्हणणं ही मोठीच गोष्ट होती. पण ‘सर्वांना’ हा शब्द ज्या खोलीत लिहिला जातो, तिथे कोण बसलंय यावर त्याचा अर्थ ठरतो.

आल्बा युलिया: तोच किल्ला, तीन तारखा

तुर्दाहून हायवेने तासाभरात आल्बा युलिया येतं. इथे रोमनांची तेरावी लीजन होती, जागेचं नाव अपुलम. आज दिसतो तो ताऱ्याच्या आकाराचा किल्ला हॅब्सबर्गांनी १७१५ नंतर बांधला. सात बुरुज, तोफांच्या काळातली आखणी. किल्ला प्रचंड आहे, पण मी तुम्हाला फक्त तीन तारखा सांगतो.

पहिली, १ नोव्हेंबर १५९९. वालाकियाचा राजा मिहाई वितेआझुल, म्हणजे शूर मिहाई, विजयी होऊन इथे शिरला. १६०० मध्ये थोड्या काळासाठी वालाकिया, मोल्दाविया आणि ट्रान्सिल्व्हेनिया एकाच माणसाच्या हाताखाली आले. ९ ऑगस्ट १६०१ ला सेनापती जॉर्जो बास्ताच्या माणसांनी त्याला मारलं. कुठे? तुर्दाजवळ. सकाळी आपण जिथे होतो तिथेच.

दुसरी, २८ फेब्रुवारी १७८५. होरेआ नावाचा एक रोमानियन शेतकरी. वेठबिगारीविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन तो अनेकदा व्हिएन्नाला जाऊन आला. गाऱ्हाण्यांनी काही बदलेना. १७८४ च्या नोव्हेंबरात डोंगराळ भागातले शेतकरी होरेआ, क्लोश्का आणि क्रिशान यांच्या मागे उठले. सरदारांचे वाडे जळले, माणसं मेली, दोन्हीकडची. वर्षाअखेरीला होरेआ आणि क्लोश्का पकडले गेले, क्रिशानही लवकरच सापडला. क्रिशानने तुरुंगात जीव दिला. होरेआ आणि क्लोश्काला इथे आल्बा युलियात चाकाने हाडं मोडून मारलं. बघायला गावोगावचे शेतकरी मुद्दाम आणून उभे केले होते, धडा मिळावा म्हणून.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने ट्रान्सिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांची जमिनीला बांधलेली गुलामी रद्द केली. सहा महिन्यांनी! ज्याने मागितलं तो गेला, मागणी मान्य झाली. किल्ल्याच्या दारासमोर या तिघांच्या स्मरणार्थ १९३७ चा उंच स्तंभ आहे.

तिसरी, १ डिसेंबर १९१८. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं होतं. १,२२८ प्रतिनिधी या किल्ल्यात जमले आणि त्यांनी रोमानियाशी एक होण्याचा ठराव केला. बाहेर लाखभर लोक होते. त्याच ठरावात सोबत राहणाऱ्या इतर समाजांना पूर्ण स्वातंत्र्य आणि सगळ्या पंथांना समान हक्क देण्याचं वचन होतं. १९९० पासून १ डिसेंबर हा रोमानियाचा राष्ट्रीय दिन आहे.

पण याच ट्रान्सिल्व्हेनियात आज लाखो हंगेरियन राहतात. १९२० च्या त्रियानोनच्या तहाने ही सीमा पक्की झाली आणि हंगेरियन लोकांसाठी तो तह म्हणजे जखम आहे. आता कागदावर नसल्याची भावना त्यांच्याकडे गेली. आमच्या गाईडची आई हंगेरियन, वडील रोमानियन. मी विचारलं, १ डिसेंबरला तुमच्या घरी काय असतं? तो म्हणाला, “बाबा टीव्हीवर संचलन बघतात. आई रोजच्यासारखा स्वयंपाक करते. कोणी काही बोलत नाही.”

पुस्तकात ‘विलीनीकरण’ असा एक शब्द असतो. तो असा घरातल्या जेवणापर्यंत जातो.

तर मंडळी, हा सगळा हिशेब. १०७५ मध्ये मीठ कागदावर आलं, माणूस नाही. १५६८ मध्ये चार पंथ आले, पाचवा नाही. १७८५ मध्ये ज्याने नाव लिहायला सांगितलं त्याला चाकावर घातलं. आणि १९१८ मध्ये ज्यांचं नाव आलं, त्यांच्यावर आता शेजाऱ्याचं नाव राखायची जबाबदारी आली. ती किती पाळली जाते, यावर तिथे रोज वाद होतात, आणि व्हायलाही हवेत.

कधी गेलात तर हाच क्रम ठेवा. सकाळी आधी खाण, मग किल्ला. आधी खाली उतरा, मग वरचे पुतळे बघा. पुतळे वेगळे दिसतात.

एपिसोड आवडला तर एखाद्या मित्राला पाठवा, खास करून ड्रॅक्युलाबद्दल विचारणाऱ्याला. भेटू पुढच्या भागात!