पाताळातील पहारेकरी : तेलविहिरींची अवजारे सुरक्षित कशी होतात?

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात 'मुंबई हाय' हे देशातील सर्वांत मोठे तेलक्षेत्र पसरले आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या रिगने येथे तेलाचा शोध लावला आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. समुद्रात उभे असलेले फलाट, हेलिकॉप्टर आणि ज्वाळांचे मनोरे छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाचे आहेत. मात्र या उद्योगाची खरी कसोटी लागते ती डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या जागी, म्हणजे समुद्रतळाखाली शेकडो-हजारो मीटर खोल गेलेल्या विहिरीत. तेथे काम करणाऱ्या अवजारांना तेलउद्योगात 'डाउनहोल टूल्स' म्हणतात. या अवजारांपैकी एखादे निकामी झाले तर किती माणसांचे प्राण जातात आणि किती सागरकिनारे काळे होतात, याची उदाहरणे गेल्या अर्धशतकात जगाने अनेकदा पाहिली आहेत.

विहीर म्हणजे नुसते भोक नव्हे

तेलविहीर म्हणजे जमिनीत पाडलेले एक खोल छिद्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ती एकात एक बसविलेल्या पोलादी नळ्यांची रचना असते. बाहेरच्या नळीला 'केसिंग' म्हणतात. केसिंग आणि खडक यांच्यामधील पोकळीत सिमेंट भरले जाते. आतून तेल वर आणणारी बारीक नळी म्हणजे 'ट्यूबिंग'. केसिंग आणि ट्यूबिंग यांच्यातील जागा खालच्या टोकाला 'पॅकर' या रबरी कड्यांच्या अवजाराने बंद केलेली असते. याखेरीज खोदाई चालू असताना खडक फोडणारे बिट, दिशा मोजणारी यंत्रे, खडकाचे गुणधर्म टिपणारी उपकरणे आणि केसिंगला छिद्रे पाडणाऱ्या 'गन' अशा अनेक वस्तू विहिरीत उतरविल्या जातात.

या साऱ्या रचनेमागे एक साधे तत्त्व आहे. भूगर्भातील दाबाखालील तेल-वायू आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये सदैव किमान दोन स्वतंत्र अडसर असले पाहिजेत. एक निकामी झाला तरी दुसरा शाबूत राहावा, हा त्यामागील उद्देश. मोठ्या दुर्घटनांचा मागोवा घेतला असता बहुतेक वेळी दोन्ही अडसर एकापाठोपाठ एक कोसळलेले दिसतात.

उष्णता आणि दाब

पृथ्वीच्या पोटात दर किलोमीटरमागे तापमान साधारणपणे २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. पाच किलोमीटर खोलीवर ते दीडशे अंशांच्या पुढे जाऊ शकते. पाण्याच्या स्तंभाचा दाब दर दहा मीटरला सुमारे एक वातावरणाइतका वाढत असल्याने त्याच खोलीवर नुसत्या पाण्याचाच दाब पाचशे वातावरणांइतका होतो. भूगर्भातील वायूचा दाब त्याहूनही अधिक असू शकतो. तापमान सुमारे १५० अंशांच्या व दाब दहा हजार पौंड प्रति चौरस इंचाच्या पुढे गेला की अशा विहिरीला 'उच्च दाब, उच्च तापमान' वर्गात धरण्याची प्रथा आहे.

उष्णतेपुढे तंत्रज्ञान कसे हात टेकते, याचे प्रसिद्ध उदाहरण रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० साली तेथे निव्वळ संशोधनासाठी खोदाई सुरू केली. १९८९ साली ती १२ हजार २६२ मीटर खोलीपर्यंत पोहोचली. त्या खोलीवर तापमान शंभर अंशांच्या आसपास असेल असा अंदाज होता, प्रत्यक्षात ते १८० अंशांपर्यंत गेले. पुढची खोदाई अशक्य झाली आणि अखेर प्रकल्प थांबवावा लागला.

दाब गेला की बंद होणारी झडप

विहिरीतील सुरक्षा उपकरणांत सर्वांत महत्त्वाचे स्थान भूपृष्ठाखालील सुरक्षा झडपेचे आहे. ही झडप ट्यूबिंगचाच एक भाग असते आणि सागरी विहिरीत ती समुद्रतळाच्याही खाली बसविलेली असते. फलाटावरून एका बारीक नळीतून तेलाचा दाब देऊन ती उघडी ठेवली जाते. हा दाब कोणत्याही कारणाने नाहीसा झाला, फलाटाला आग लागली, जहाज धडकले वा नळी तुटली, तर झडपेतील स्प्रिंग आपोआप झाकण मिटवते. रेल्वेगाडीच्या एअर ब्रेकमध्येही हेच तत्त्व आहे. नळीतील हवेचा दाब गेला की ब्रेक लागतो. धोक्याच्या क्षणी माणसाने काही करण्याची वाट न पाहता यंत्राने स्वतःहून सुरक्षित अवस्थेत जावे, हा या रचनेचा गाभा होय.

मात्र अनेक महिने उघडी असलेली झडप ऐनवेळी मिटेलच, याची खात्री काय? तेलाबरोबर येणारी वाळू तिची बैठक झिजवते. क्षारांचे थर साचून झाकण अडकू शकते. म्हणूनच झडप ठराविक काळाने मिटवून तपासली जाते. अमेरिकेच्या सागरी नियमांनुसार ही चाचणी दर सहा महिन्यांनी करावी लागते आणि मिटलेल्या झडपेतून मिनिटाला ४०० मिलिलिटरहून अधिक द्रव गळत असेल तर ती दुरुस्त करावी वा बदलावी लागते. झडपेचा टिकाऊपणा आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यावरून ध्यानात यावे.

कठीण पोलाद तितके भरवशाचे नाही

धातू जितका कठीण तितका तो भरवशाचा, हा समज तेलविहिरीत खोटा ठरतो. अनेक विहिरींतील वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यासारखा वास असलेला हा वायू माणसासाठी प्राणघातक आहेच, पण तो पोलादालाही सोडत नाही. ओलाव्याच्या सान्निध्यात त्याच्यामुळे सुटा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाखाली असलेला कठीण धातू कोणतीही पूर्वसूचना न देता तडकतो. तुलनेने मऊ पोलाद यात टिकून राहते. या अनुभवातून अमेरिकेतील गंज-अभियंत्यांच्या संघटनेने, 'नेस'ने, १९७५ साली एक मानक प्रसिद्ध केले. त्यात साध्या कार्बन पोलादासाठी रॉकवेल 'सी' मापनावर २२ ही काठिण्याची सर्वसाधारण मर्यादा घालण्यात आली. त्याहून अधिक ताकद हवी असेल तर निकेलयुक्त महागडे मिश्रधातू वापरावे लागतात.

हा धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागतो. २०१२ साली मेक्सिकोच्या आखातात समुद्रतळावरील उपकरणांच्या जोडणीचे बोल्ट तुटून सुमारे ४०० बॅरल खोदाईचे द्रव समुद्रात सांडले. तपासात हायड्रोजनमुळे धातू ठिसूळ झाल्याचे आढळले. अशा घटनांनंतर बोल्टसारख्या किरकोळ वाटणाऱ्या वस्तूचे काठिण्य, तिच्यावरील लेप आणि तिच्या निर्मितीची नोंद यांकडे नियामकांचे लक्ष वळले.

रबर, बॅटरी आणि स्फोटके

धातूपेक्षाही नाजूक घटक म्हणजे रबरी कडी. दाबाखालील वायू हळूहळू रबरात मुरतो. अवजार झपाट्याने वर खेचले वा दाब एकदम उतरला, तर सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडल्यासारखा तो वायू रबराच्या आत फुगतो आणि कडी चिरत जाते. साधे नायट्राइल रबर सुमारे १२० अंशांपर्यंत काम देते. त्यापुढे फ्लोरीनयुक्त रबर लागते. अतिउष्ण विहिरीत तर रबराऐवजी धातूवर धातू दाबून बसविलेली सील पसंत केली जाते.

खोदाईच्या वेळी दिशा आणि खडकांची माहिती देणाऱ्या यंत्रांचा शत्रू उष्णता आणि कंपन हाच. सर्वसामान्य सिलिकॉन चिप १२५ अंशांच्या पुढे भरवसा देत नाही. त्यामुळे मोजमापाची काही यंत्रे थर्मासच्या तत्त्वावर बनविलेल्या निर्वात आवरणात ठेवून खाली सोडली जातात. ठराविक तासांनंतर उष्णता आत पोहोचतेच, म्हणून त्याआधी काम उरकावे लागते. या यंत्रांना वीज पुरविणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांतही धोका दडलेला असतो. लिथियम सुमारे १८० अंशांना वितळते. त्यानंतर बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. अतिउष्ण विहिरींसाठी लिथियममध्ये मॅग्नेशियम मिसळून हा वितळबिंदू वाढविला जातो. वर आलेल्या अवजाराची बॅटरी खराब झालेली असू शकते, हे गृहीत धरूनच ते उघडण्याचे नियम ठरविलेले असतात.

केसिंगला छिद्रे पाडणाऱ्या गनमध्ये खरीखुरी स्फोटके असतात. जुन्या प्रकारचा विद्युत डिटोनेटर भटक्या विजेने वा रेडिओ लहरींनी चुकून उडण्याची भीती असे. त्यामुळे गन तयार करताना रिगवरील बिनतारी यंत्रणा बंद ठेवावी लागे. अशा लहरींना दाद न देणारे नवे डिटोनेटर आल्यानंतर ही जोखीम पुष्कळ कमी झाली. खडकाची घनता व सच्छिद्रता मोजणाऱ्या काही उपकरणांत सिझियम-१३७ किंवा अमेरिशियम-बेरिलियम हे किरणोत्सारी स्रोत असतात. असे उपकरण विहिरीत अडकले आणि काढता आले नाही, तर रंगीत सिमेंट ओतून ते कायमचे बंदिस्त केले जाते, जेणेकरून पुढे कोणी त्या जागी खोदू लागले तर रंगावरून इशारा मिळावा. भारतात अशा स्रोतांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. आता विजेवर चालणारे न्यूट्रॉन जनित्रही उपलब्ध आहे. वीज बंद केली की त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडणे थांबते.

दुर्घटनांनी दिलेले धडे

१९६९ साली कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे समुद्रात तेलाचा उद्रेक झाला. तेथे नियमापेक्षा कमी खोलीपर्यंत केसिंग घालण्याची सवलत देण्यात आली होती. विहिरीचे तोंड बंद केल्यावर तेलाने आजूबाजूच्या खडकातून वाट काढली.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर हॉरायझन' या रिगवर झालेल्या स्फोटात ११ कामगार मरण पावले. विहिरीच्या तळाचे सिमेंट निकामी ठरले होते. सिमेंटची परीक्षा पाहणाऱ्या दाबचाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि समुद्रतळावरील ब्लोआउट प्रिव्हेंटरची पाती वाकलेला पाइप पूर्णपणे कापू शकली नाहीत. तेलाचा प्रवाह थांबण्यास ८७ दिवस लागले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने २०१४ साली दिलेल्या अहवालात या यंत्रणेतील चुकीच्या वायरजोडणीवर आणि निकामी बॅटऱ्यांवर बोट ठेवले. कागदावर दुहेरी असलेली सुरक्षा प्रत्यक्षात तशी राहिली नव्हती.

भारतालाही हे अनुभव नवे नाहीत. आसाममधील बागजान येथे २७ मे २०२० रोजी ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायूचा उद्रेक झाला. दुरुस्तीचे काम सुरू असताना ब्लोआउट प्रिव्हेंटर काढल्यानंतर सिमेंटचा अडसर दाबापुढे टिकला नव्हता. ९ जूनला आग लागली आणि कंपनीच्या दोन अग्निशामकांचा मृत्यू झाला. विहीर कायमची शांत करण्यास नोव्हेंबर उजाडला. मुंबई हाय येथे २७ जुलै २००५ रोजी लागलेल्या भीषण आगीत २२ जणांचा बळी गेला. तेथे आगीचे मूळ विहिरीत नव्हे, तर जहाजाच्या धडकेने फुटलेल्या वायुवाहिनीत होते. विहिरीतील झडप कितीही उत्तम असली, तरी तिच्या वर असलेल्या वाहिन्यांना ती वाचवू शकत नाही, ही मर्यादा त्या घटनेने अधोरेखित केली.

नियम, संस्था आणि पुढील आव्हान

देशात जमिनीवरील तेलविहिरींसाठी २०१७चे तेल खाण विनियम आणि सागरी कामांसाठी २००८ची सुरक्षा नियमावली लागू आहे. सागरी सुरक्षेची जबाबदारी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. ओएनजीसीची सागरी अभियांत्रिकीची संशोधन संस्था पनवेलला, तर पेट्रोलियम सुरक्षेचे प्रशिक्षण देणारी संस्था गोव्यातील बेतुल येथे आहे. समुद्रावर जाणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीचे प्रशिक्षण केंद्रही २०२४ साली गोव्यात सुरू झाले.

पुढचे आव्हान दोन टोकांचे आहे. एका टोकाला कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील दीनदयाळ क्षेत्रासारख्या उच्च दाब व उच्च तापमानाच्या विहिरी आहेत. तेथे प्रत्येक सील आणि प्रत्येक चिप तिच्या मर्यादेपाशी काम करते. या क्षेत्रातील ८० टक्के हिस्सा ओएनजीसीने २०१७ साली गुजरातच्या सरकारी कंपनीकडून घेतला. दुसऱ्या टोकाला मुंबई हायसारखे जुने क्षेत्र आहे. तेथील उत्पादन वाढविण्यासाठी ओएनजीसीने २०२५ साली ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक भागीदार म्हणून निवड केली. चार दशकांहून जुन्या विहिरींतून अधिक तेल काढायचे तर त्यांच्या गंजलेल्या केसिंगची, थकलेल्या झडपांची आणि सिमेंटची आधी कसून तपासणी व्हावी लागेल. त्यासाठी उत्पादन काही दिवस थांबवावे लागते, म्हणजेच तोटा सोसावा लागतो. आजवरच्या दुर्घटनांचा हिशेब मांडला, तर तपासणीसाठी बंद ठेवलेल्या विहिरीचा तोटा बराच स्वस्त पडतो.