मचाण : बंदुकीचं आणि गोफणीचं

आज आपण एका साध्या लाकडी वस्तूचा इतिहास पाहणार आहोत. कुणी तिला मचाण म्हणतं, कुणी माळा. वरवट बकालहून सोनाळा, टुनकीच्या बाजूनं सातपुड्याकडे निघालं की वावरांमध्ये अशी मचाणं आजही दिसतात. चार मेढी, वर तुराट्यांचा थर, त्यावर गोणपाट आणि डोक्यावर कडब्याचं नाहीतर ताडपत्रीचं छप्पर. बस, एवढंच.

पण मचाण म्हटलं की पुस्तकांत आणि सिनेमात दिसतो तो झाडावर बसलेला बंदूकवाला साहेब. खाली बांधलेला बोकड, चांदणं आणि वाघाची वाट. जणू मचाण हे शिकाऱ्यांनीच शोधून काढलं! वावरातल्या मचाणावर रात्र काढणाऱ्या माणसांचा, त्यातही बायांचा, इतिहास फारसा कुणी लिहिला नाही. तो आज आपण जुळवून पाहू.

आधी मचाण बांधतात कसं ते पाहू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घरच्या घरी मचाण बांधायला सुताराची गरज लागत नाही. बांधावरच्या बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या बेचकी असलेल्या चार मेढी घ्यायच्या. त्या दीड-दोन हात खोल गाडून बुडाशी दगड ठोकून पक्क्या करायच्या. बेचक्यांत आडवी लाकडं ठेवायची, त्यांवर बांबू आणि बांबूंवर तुराट्या किंवा पऱ्हाट्या. बांधायला अंबाडीची दोरी. जंगलाजवळच्या गावांत पळसाच्या मुळ्या कुटून, त्यांचा वाक काढून दोरी वळायची रीत आहे. मेढ हलली तर सगळं मचाण हलतं, म्हणून एखादं तिरपं लाकूड टेकू म्हणून लावतात. चढायला शिडी, नाहीतर खाचा पाडलेला ओंडका. मचाण वावराच्या अशा जागी घालायचं की चारही बाजूंचा बांध दिसला पाहिजे आणि आपला आवाज लांबवर गेला पाहिजे.

शिकाऱ्याचं मचाण याच सामानाचं, पण त्याची रीत अगदी उलटी. राखणदाराला दिसायचं असतं, ऐकू जायचं असतं. शिकाऱ्याला लपायचं असतं. म्हणून तो मचाण झाडाच्या फांद्यांत, पाणवठ्याजवळ किंवा वाघानं मारून ठेवलेल्या जनावराजवळ बांधायचा. या मारलेल्या जनावराला शिकारी लोक ‘गारा’ म्हणत. पुढून पानांचा आडोसा करायचा. वाऱ्याची दिशा पाहायची, कारण माणसाचा वास जनावराकडे गेला की रात्र वाया गेली. खोकायचं नाही, विडी ओढायची नाही, कूस बदलायची नाही. जमिनीवर असाच आडोसा केला तर त्याला लपण म्हणतात. लाकूड तेच आणि दोरीही तीच. एक मचाण जनावराला पळवण्यासाठी, दुसरं त्याला जवळ येऊ देण्यासाठी.

आता इतिहासाकडे वळू. यातलं जुनं कोणतं? पुरावे पाहिले तर शेत राखणारी बाई फार जुनी आहे. आपल्या भागातला सगळ्यांत जुना काव्यसंग्रह म्हणजे ‘गाथासप्तशती’. तो महाराष्ट्री प्राकृतात आहे आणि सातवाहन राजा हाल याच्या नावानं ओळखला जातो. त्यातल्या सातशे गाथांमध्ये राजेमहाराजे थोडे आणि खेड्यातली माणसं जास्त. त्यात शेताची राखण करणाऱ्या बायाही भेटतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त भाताची राखण करणाऱ्या बाया उसाच्या सावलीत बसून रघुराजाचं यश गातात. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कवींना शेताची राखणदार म्हणून बाईच डोळ्यांसमोर येत होती.

तमिळ मुलखातली एक कथा तर आपल्या विषयाला अगदी जुळणारी आहे. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. पण तिकडे त्याला मुरुगन म्हणतात आणि त्याला दोन बायका आहेत. त्यांतली वल्ली ही डोंगरातली मुलगी. ती उंच मचाणावर बसून राळ्याचं शेत राखायची, पोपट उडवायची. मुरुगन तिला भेटायला आला तो शिकाऱ्याच्या वेषात. म्हणजे मचाणावर बाई, आणि शिकारी खाली उभा!

मग मचाण शिकाऱ्याचं म्हणून कसं गाजलं? कारण लिहिणारे हात राजांचे आणि साहेबांचे होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ तयार केला. त्यात राजानं शिकार कोणकोणत्या रीतीनं करावी याचं बारीक वर्णन आहे. गंमत म्हणजे त्याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, अशीही नोंद आहे. राजाच्या शिकारीला पानंच्या पानं, बाईच्या ओवीला एवढीशी जागा. पण तेवढ्या जागेमुळे आपली ओवी किती जुनी आहे हे आज सांगता येतं. बाईच्या कामाची एक ओळ लिहून ठेवली तरी ती नऊशे वर्षं टिकते, हे ध्यानात घ्या.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर सातपुड्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या शिकारी वाढल्या. जेम्स फोर्सिथ नावाच्या अधिकाऱ्याचं मध्य भारतातल्या डोंगरांवरचं पुस्तक १८७१ साली निघालं. जंगल, आदिवासी आणि शिकार या तिन्हींचं वर्णन त्यात आहे. अशी पुस्तकं विलायतेत आवडीनं वाचली गेली आणि मचाण हा शब्द इंग्रजीतही जाऊन बसला.

पण साहेब एकटा शिकार करत नव्हता. मचाण बांधायचे गावातले लोक. वाघाचा माग काढायचे कोरकू, गोंड, भिल्ल. रान उठवायला हाकेकरी लागायचे. ते जमिनीवरून ओरडत, डबे वाजवत चालायचे आणि साहेब वर बसायचा. धोका खालच्यांचा, फोटो वरच्याचा. अशा कामांना माणसं अनेकदा बेगारीवर नेली जात. ज्या दिवशी घरातला माणूस हाक्याला गेला, त्या दिवशी त्याच्या वावराची राखण कुणी केली असेल, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत आपल्या शेजारचं मेळघाट होतं. पुढे १९९७ साली आपल्या संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य जाहीर झालं. ते आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

बंदूक खाली उतरली, पण मचाण राहिलं. त्यावर वही-पेन्सिल घेऊन माणसं बसू लागली. वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला पाणी आटलेलं असतं, उजेड लख्ख असतो. त्या रात्री पाणवठ्यावर आलेली जनावरं मोजायची, अशी पद्धत पडली. आता नेमकी मोजणी ट्रॅप कॅमेऱ्यांनी होते, पण पौर्णिमेचा तो कार्यक्रम ‘निसर्गानुभव’ म्हणून चालू आहे. अंबाबरव्यातही तो होतो. वन विभागाकडे नाव नोंदवून बायाही रात्रभर मचाणावर बसतात. साहेबाच्या मचाणावर बाई बसली, ती जनावर मारायला नाही, पाहायला.

आणि जनावरंही फिरती आहेत. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन तेराशेच्या वर किलोमीटर चालला आणि आपल्याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. जंगलं तुटक झाली की जनावरं वावरांतूनच वाट काढणार.

याच ठिकाणी आपल्या मचाणाचा इतिहास आजच्या दिवसाला येऊन भिडतो. पूर्वी ज्वारी जास्त होती, तेव्हा राखण दिवसा आणि पाखरांपासून. गोफण हातात, पोर काखेत. आता कापूस, तूर, सोयाबीन, हरभरा आला. पाखरांची राखण कमी झाली आणि रानडुक्कर, रोही यांच्यासाठी रात्रीची जागल वाढली. दिवसा निंदणं-वेचणं, रात्री जागल. घरधनी बाहेरगावी कामाला गेला असेल तर मचाणावर घरची बाईच जाते. साप आहे, थंडी आहे, अंधार आहे. या कामाला रोज नाही आणि त्याची नोंदही नाही.

काहीजण यातून सुटायला कुंपणात वीज सोडतात. मैत्रिणींनो, हे कधीही करू नका, करू देऊ नका. अशा तारेनं जनावर मरतं, तसा रात्री पाणी द्यायला निघालेला घरचा माणूसही मरतो. आणि तो गुन्हा आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठीसुद्धा वन विभागाची परवानगी लागते. नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढा, लगेच अर्ज द्या आणि पंचनामा करून घ्या.

आता अर्जाबरोबर काय लागतं? सातबारा. मदत कुणाच्या नावावर येते? सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्या. जागल जिनं केली तिचं नाव तिथे नसेल, तर सरकारी कागदावर ती मचाणावर कधी चढलीच नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं याच कारणासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ केली. नवऱ्यांनी आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमीन करावी, असं आवाहन केलं. १९९२ साली सरकारनंही लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज दिला तर बायकोचं नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागतं. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली.

म्हणून या महिन्याच्या गटाच्या बैठकीत दोन कामं करू. एक, प्रत्येकीनं घरचा सातबारा घेऊन यायचा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते मोठ्यानं वाचायचं. ज्यांचं नाव नाही त्यांची यादी करून आपण सगळ्या मिळून तलाठ्याकडे जाऊ. दुसरं, गटाच्या वहीत एक पान जागलीसाठी ठेवू. कोण, कोणत्या वावरात, किती रात्री जागली, कोणतं जनावर आलं, किती पीक गेलं, हे तारखेसह लिहू. शाळेत जाणारी पोरगी लिहून देईल. पंचनाम्याच्या वेळी ते पान कामी येईल. आणि साहेबांची मचाणं पुस्तकांत राहिली, तशी आपली निदान गटाच्या वहीत तरी राहतील.

पुढच्या भागात भेटू. तोवर मेढी पक्क्या ठोका आणि रात्री बॅटरी जवळ ठेवा. नमस्कार.