पेशीच्या भंगारातून फुटलेली बातमी

विषाणू पेशीच्या आत शिरून बसतो, टी-पेशी मात्र बाहेर गस्त घालते. मग तिला आतली खबर लागते कशी? आज या शोधाची गोष्ट.

साल 1973, गाव कॅनबेरा. पीटर डोहर्टी हे ऑस्ट्रेलियन पशुवैद्य आणि रॉल्फ झिंकरनागेल हे स्वित्झर्लंडहून आलेले डॉक्टर. दोघं उंदरांवर काम करत होते. विषाणूची लागण झालेल्या पेशी टी-पेशी बरोबर मारत होत्या. पण पेशी दुसऱ्या वाणाच्या उंदराची असली की तोच विषाणू असूनही टी-पेशी ढिम्म! म्हणजे टी-पेशी नुसता विषाणू पाहत नाही, तर आपल्याच एमएचसी प्रथिनासोबत तो ओळखते. या शोधाला 1996 साली नोबेल मिळालं.

पण 'सोबत' म्हणजे नेमकं काय? 1986 मध्ये अ‍ॅलेन टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लुएंझाच्या आतल्या प्रथिनाचा छोटासा तुकडा निरोगी पेशींवर टाकला. विषाणू नाहीच, तरी टी-पेशींनी त्या पेशी मारल्या. अख्खा विषाणू लागतच नाही, तुकडा पुरतो!

हे तुकडे कापतं कोण? प्रोटिअसोम. नको असलेली प्रथिनं तोडणारं हे पेशीचं यंत्र. तिथले तुकडे टॅप नावाच्या दारातून आत जातात, एमएचसीवर बसतात आणि पेशीच्या पृष्ठभागावर येतात. संसर्गात इंटरफेरॉन गॅमाचा इशारा मिळाला की प्रोटिअसोमची काही पातीही बदलतात, आणि एमएचसीवर नीट बसतील असे तुकडे जास्त निघतात.

आता मला सगळ्यात थक्क करणारा भाग. विषाणूंनाही हा मार्ग 'ठाऊक' आहे! नागिणीच्या कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स टॅपचं दारच बुजवतो. सायटोमेगॅलोव्हायरस तर एमएचसीलाच ओढून प्रोटिअसोमकडे पाठवतो. हे 1996 मध्ये उघड झालं. म्हणजे बातमी तयार करणाऱ्या यंत्रातच बातमीदाराचा चुराडा.

पण एमएचसी गायब झालं की नैसर्गिक मारक पेशींना संशय येतो. गप्प बसलेली पेशी त्यांना चालत नाही.

म्हणून मला वाटतं, लशीबद्दल बोलताना आपण फक्त प्रतिपिंडांवर थांबू नये. फ्लूचं बाहेरचं रूप वरचेवर बदलतं, आतलं प्रथिन त्या मानाने कमी. टी-पेशींची नजर तिथवर पोचते, ती या भंगारामुळेच.

भेटू पुढच्या भागात.